वस्तू आधी, नाव नंतर

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा हात वाचला, पाय थोडा ओढू लागला आणि सगळ्यात मोठा तडाखा बसला तो नावांना. माणसं त्या ओळखत होत्या, वस्तू ओळखत होत्या, पूर्वीइतक्याच रागावत होत्या. फक्त समोरच्या वस्तूचं नाव विचारलं की तोंड उघडं राहायचं आणि आतून काही यायचं नाही. कंगवा हातात घेऊन केस व्यवस्थित विंचरायच्या. "हे काय आहे?" म्हटलं की कंगव्याकडे अशा बघायच्या, जणू गुन्हा त्यानेच केलाय.

योगायोग असा की माझा धंदाच नावांचा आहे. हैदराबादेतल्या भाषांतराच्या एका कंपनीत मी फोनच्या पडद्यावरच्या बटणांना मराठी नावं देते. माझी कामाची पद्धत सोपी आहे. बटण आधी स्वतः दाबायचं, काय होतं ते बघायचं आणि मग त्याला काय म्हणावं याचा विचार करायचा. इंग्रजी शब्द समोर ठेवून मराठी शब्द शोधला की 'भ्रमणध्वनी' जन्माला येतो आणि पुढे त्याला कुणी विचारत नाही. ही पद्धत माझी नाही. भाषाशास्त्रात याची एक आख्खी शाखा आहे. शब्दकोश शब्दापासून निघून अर्थाकडे जातो. ही शाखा उलटी चालते. हातात वस्तू धरते आणि विचारते, याला तुम्ही काय म्हणता? आणि तेच का म्हणता? एम.ए.ला मला तो पेपर होता. शाखेचं जडजंबाळ नाव इथे देत नाही. नावांचा अभ्यास करणाऱ्या शाखेचं नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही, हा तिचा दोष.

सासूबाई बरकतपुऱ्यात राहतात, दुसऱ्या मजल्यावर. सासरे गेल्यापासून एकट्याच. आम्ही दिलसुखनगरला. इमारतीच्या त्या बिनपगारी, बिननिवडणुकीच्या सेक्रेटरी. पाण्याची मोटर कधी लावायची, गच्चीचं दार कोण उघडं टाकतं, प्लंबरला कुठल्या मजल्यावर पाठवायचं, सगळं त्यांच्या बाल्कनीतून ठरायचं. झटक्यानंतर आम्हीच त्यांच्याकडे मुक्काम हलवला. हा मुक्काम कायमचा नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग पुढे काय, हे विचारायला माझी नणंद पुण्याहून आली.

ताई माझ्या नवऱ्यापेक्षा मोठी. लग्न होऊन पुण्यात गेली, तिथेच नोकरी केली, तिथेच निवृत्त झाली. माणूस कामाचा, रडारड नाही, थेट मुद्दा.

"आईला मी घेऊन जाते," आल्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली. "हे घर भाड्याने देऊ."

"त्यांना विचारलंस का?" मी म्हटलं.

"तिला विचारू कसं? ती सांगणार कसं? उद्या एकटी असताना चक्कर आली तर फोनवर काय सांगेल? 'ते हे'? 'त्याचं ते'?"

नवरा म्हणाला, "तुम्ही दोघी काय ते ठरवा." आणि चहा घेऊन बाल्कनीत गेला.

ताईचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही. सासूबाई आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होत्या. उठल्या, भिंत धरत आल्या, खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कमरेला खोचला.  

दुसऱ्या दिवशी ताईने पिशवीतून चित्रांची कार्डं काढली. पुण्यात बालवाडीच्या मुलांसाठी मिळतात ती. मागे चित्राचं नाव मराठीत छापलेलं. इथली स्पीच थेरपिस्ट तेलुगू, तिच्याकडची कार्डंही तेलुगू आणि हिंदी. आईला तिच्या मातृभाषेत विचारायला हवं, असं ताईचं म्हणणं. मलाही ते पटलं. जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघी बसलो.

पहिलं कार्ड पेरू. सासूबाईंनी बघितलं, ओठ हलवले, मान हलवली. उशी. काही नाही. कात्री. दोन बोटांनी कापून दाखवलं, शब्द नाही. हातरुमाल. नाक पुसून दाखवलं. 'केळं' तेवढं आलं. ताई एकेक कार्ड डावीकडे ठेवत होती आणि डावीकडची चळत वाढत होती. शेवटी सासूबाईंनीच उरलेली कार्डं उलटी करून टेबलावर दाबून धरली. बस झालं.

"बघितलंस?" ताई मला हळू आवाजात म्हणाली. "पेरूसुद्धा गेला."

सासूबाई उठून बाल्कनीत गेल्या. खाली रस्त्यावर फळांचा गाडा येत होता. तो गाडीवाला ओरडत नाही, फक्त घंटी वाजवतो. आणि आम्ही कार्डं गोळा करत असताना बाल्कनीतून आवाज आला, चांगला खणखणीत, पूर्वीचा मोटर बंद करायला लावणारा आवाज.

"ए! जाम कैसे दिए?"

जाम म्हणजे इथला पेरू. ताईच्या हातातलं कार्ड हातातच राहिलं. खालून गाडीवाल्याने भाव सांगितला. "नक्को!" सासूबाई म्हणाल्या. त्याने कमी केला. "हौ. ला ऊपर."

मग त्या वळल्या. आम्ही दोघी बघतोय हे लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आनंद वगैरे काही नाही. पाहुण्यांसमोर जुन्या साडीत सापडल्यासारख्या ओशाळल्या.

तो चेहरा मी पूर्वी पाहिला होता. म्हणून मला कळलं.

मी लग्न होऊन पुण्याहून या घरात आले तेव्हा पहिले काही महिने सगळे माझ्याशी फार शुद्ध बोलत. उशी, कात्री, बटाटा, हातरुमाल. मला वाटलं, वा, हैदराबादची मराठी अगदी आपल्यासारखीच आहे. एके दिवशी स्वयंपाकघरात दुधाची पिशवी फुटली आणि सासूबाई ओरडल्या, "कैंची कुठाय की, कुणी नेली कैंची!" माझ्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाल्या, "कात्री, म्हणजे." तोच चेहरा. हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत ही रीतच होती. चांगल्या कपबशा जशा पाहुण्यांसाठी कपाटात, तशी एक मराठी पाहुण्यांसाठी. सोयरीक पुण्या-मुंबईची असली की ती बाहेर निघायची. घरात आलू, समोर बटाटा. घरात तकिया, समोर उशी. घरचे शब्द उर्दू-तेलुगूत मिसळलेले, म्हणून हलके, अशी सगळ्यांची मनातून खात्री. माझ्यासमोर त्यांनी कैंची म्हणायला पुन्हा किती काळ घेतला कोण जाणे. ज्या दिवसापासून म्हणू लागल्या त्या दिवसापासून मी घरची झाले.

आणि आता पुण्याहून लेक आली होती, छापील मराठी कार्डं घेऊन. परीक्षाच ती. परीक्षेत घरचा शब्द कोण लिहितं? बाई पाहुण्यांच्या कपाटात शोधत होत्या. कपबशा तिथल्याच फुटल्या होत्या.

मी कार्डं बाजूला सारली. स्वयंपाकघरातून खरी कात्री आणली, आतून उशी आणली, बाल्कनीत बसलेल्या नवऱ्याच्या खिशातून रुमाल काढून घेतला.

"आई, पुण्याचं नको. इथलं सांगा. या घरातलं." कात्री त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ताईकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कैंची," म्हणाल्या.

उशी. "तकिया." रुमाल. क्षणभर थांबल्या, मग झटकन, "दस्ती." गरम भांडं उचलायची पक्कड. "पट्टकारु." कढीपत्ता. "करेपाक." शेवग्याची शेंग. "मुनगा." मी स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यात धावत होते. नवरा बाल्कनीतून आत येऊन उभा राहिला. शेवटी आणायला काही उरलं नाही तेव्हा मी फ्रिजमधला फ्लॉवर आणला. त्यावर त्या अडल्या. अडू देत. डावीकडच्या चळतीतली अर्ध्याहून जास्त नावं परत आली होती.

ताईने मात्र कात्रीचं कार्ड उलटून मागचं छापील नाव बघितलं. "आनंद आहे," ती म्हणाली. "पण हे शब्द धरायचे का? ही मराठी आहे का?"

इथे माझ्यातला एम.ए.चा पेपर जागा झाला.

"ताई, दस्तीतला दस्त म्हणजे काय? हात. तुझ्या हातरुमालात काय आहे?"

"हात."

"पट्टु म्हणजे तेलुगूत धरणं. आणि पक्कड?"

"धरणं."

"मग? वस्तू एक, बघायची नजर एक. कुणी उर्दूतून बघितलं, कुणी तेलुगूतून. तांब्याचं नाव धातूवरून पडलं, तरी स्टीलच्या तांब्याला तू तांब्याच म्हणतेस ना? नाव म्हणजे वस्तूला लावलेली मूठ. ती धरून वस्तू उचलता आली की मूठ चांगली. कुठल्या लाकडाची आहे ते कोण विचारतंय?"

"तू ऑफिसातही असंच बोलतेस?"

"ऑफिसात पगार मिळतो, म्हणून कमी बोलते."

सासूबाई हसल्या. झटक्यानंतर पहिल्यांदा आवाज करून हसल्या. मग माझ्याकडे बोट करून ताईला म्हणाल्या, "पुणेकरीण." वीसएक वर्षं त्या मला चिडवायला हेच म्हणत आल्या होत्या. हा शब्द कुठल्या कपाटातून आला ते मी विचारलं नाही.

थेरपिस्टला मी सगळं सांगितलं. ती तरुण मुलगी, लगेच समजली. तिने नियम बदलला. "अम्मा, कुठलीही भाषा. शब्द नाही आला तर वर्णन. समोरच्याने बरोबर वस्तू आणून दिली की तुम्ही पास."

हा नियम मला फार आवडला. आमच्या ऑफिसात तो भिंतीवर लावायला हवा.

त्यानंतरचे दिवस घरात जो प्रकार चालला तो मला पुस्तकात वाचायला मिळाला नव्हता. जिथे मराठी येईना, उर्दू येईना, तेलुगू येईना, तिथे सासूबाई नवं नाव बनवू लागल्या. चालायची काठी हवी होती. 'काठी' सापडेना. "टेकणं," म्हणाल्या. "माझं टेकणं दे." लाटायचं ते लाटणं, गाळायचं ते गाळणं, उलथायचं ते उलथणं, मग टेकायचं ते टेकणं. कुणी शिकवलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या निम्म्या वस्तूंना मराठीने अशीच नावं दिलीत; त्या फक्त त्याच कारखान्यात पुन्हा गेल्या होत्या. टीव्हीचा रिमोट झाला 'दाबणं'. रक्तदाब मोजायचं यंत्र 'दंडफुगा', कारण दंडाला बांधलं की फुगतं. मी बटणांना नावं देताना दिवस दिवस घालवते आणि चार जणांची समिती ती नाकारते. दंडफुगा एका सेकंदात झाला आणि संध्याकाळपर्यंत सगळं घर दंडफुगा म्हणू लागलं. ताईसुद्धा. "आई, दंडफुगा लावायचा राहिला," म्हणाली आणि मग स्वतःच थबकली.

"बोल, बोल," मी म्हटलं. "ही मराठी आहे का?"

"गप बस गं."

पण ताई हटली नव्हती. घरातली माणसं सवयीने समजून घेतात, बाहेरचे कशाला समजून घेतील, हा तिचा मुद्दा. तोही खरा. तिने परतीची दोन तिकिटं काढली होती, दिवसाच्या गाडीची. जायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने आईसमोर बसून स्पष्ट सांगितलं.

"आई, आज तू बाजारात जायचंस. चिक्कडपल्लीला. मी सांगेन त्या तीन वस्तू आणायच्या. आम्ही मागे असू, पण बोलणार नाही. आणल्यास तर राहा इथे, मी परत विचारणार नाही. नाही आणल्यास तर उद्या माझ्याबरोबर यायचं. कबूल?"

सासूबाईंनी किल्ल्यांचा जुडगा चाचपला. "हौ," म्हणाल्या.

"अर्धा किलो तोंडली. कुकरची रबराची रिंग, आपल्या पाच लिटरच्या कुकरची. आणि..." ताई अडली. हवेत बोट फिरवू लागली. "ते गं... परकराच्या नेफ्यात नाडी घालायचं... ते... लांब असतं ना..."

मी आणि सासूबाई तिच्याकडे बघत होतो.

"याला काय म्हणतात?" ताईने मला विचारलं.

"मला काय माहीत? मी सेफ्टीपिनेने घालते."

सासूबाईंनी काठी उचलली. "चला," म्हणाल्या.

रिक्षातून उतरल्यावर आम्ही दोघी मागे राहिलो. भाजीवाल्या बाईसमोर सासूबाई वाकल्या, तोंडल्यांच्या ढिगावर हात ठेवला, "दोंडकाया. अर किलो," म्हणाल्या आणि दोन किडकी काढून बाजूला फेकली. एक वस्तू झाली. ताई माझ्या कानात म्हणाली, "हात ठेवला, ते सोपं होतं." मी ओठांवर बोट ठेवलं. बोलायचं नाही ठरलं होतं.

भांड्यांच्या दुकानात रिंग दिसत नव्हती. हात ठेवायला काही नाही. दुकानदार म्हातारा, गिऱ्हाइकांची गर्दी. सासूबाई काउंटरपाशी पोचल्या.

"वो..." म्हणाल्या. थांबल्या. "वो... गोल..."

त्याने स्टीलची ताटली पुढे केली. "नक्को." झाकण पुढे केलं. "नक्को!" मागच्या बाईने घाई केली. सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं, तेच जुनं उघडं तोंड. ताईने एक पाऊल पुढे टाकलं. मी तिचं मनगट धरलं. तिने सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मी सोडलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, संपलं.

सासूबाईंनी काठी काउंटरला टेकवली. मोकळ्या झालेल्या हाताने काचेवर मोठं वर्तुळ काढलं. मग तोच हात वर उडवला आणि भर दुकानात, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर शिट्टी काढली, "फुस्सस्स!" परत "फुस्सस्स!" आणि मग बोट जोरात त्या वर्तुळावर. "ये. इसका. फट गया."

"कुकर का रबर!" दुकानदार म्हणाला.

"हौ! रबर!" आणि शब्द मिळाल्यावर त्या थांबेनात. "रबर. पाच का. पाच लिटर का रबर. अच्छा वाला."

मागच्या घाई करणाऱ्या बाईने टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते तिलाही माहीत नसावं.

शेवटचं दुकान सुई-दोरे, बटणं, लेस, नाड्या यांचं. अरुंद, छतापर्यंत डबे. मालक पन्नाशीचा, तोंडात सुपारी. इथे आम्ही दोघी अगदी दाराशी उभ्या होतो, आणि मला आतून गंमत वाटत होती, कारण या वस्तूचं नाव आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. शुद्ध बोलणारी ताई, पगारी नावं देणारी मी आणि झटका आलेल्या सासूबाई, तिघी एका रांगेत.

सासूबाई अजिबात अडल्या नाहीत.

"नाडा डालने का," म्हणाल्या.

मालकाने मागे न बघता हात वर केला, एका डब्यातून चपटी, लांब, पुढे बोथट आणि मागे भोक असलेली पट्टी काढली आणि काउंटरवर ठेवली. "और?"

ताईला राहवलं नाही. ठरलेलं मोडून ती पुढे झाली. "भाईसाब, इसको बोलते क्या हैं? असली नाम?"

त्याने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. ताईकडे असं बघितलं, जणू झटका हिलाच आलाय.

"नाडा डालने का इच बोलते, अम्मा. और क्या बोलते?"

मी दाराला टेकून हसले. ताईने आधी ओठ दाबले, मग तीही फुटली. सासूबाईंना आमचं हसणं कळत नव्हतं किंवा कळूनही किंमत द्यायची नव्हती. त्यांनी पट्टी पिशवीत टाकली, काठी उचलली आणि वाटेतून बाजूला व्हा असा हात करून आमच्यामधून बाहेर पडल्या. रस्ता ओलांडताना रिक्षावाल्याला त्यांनीच हाक मारली, बरकतपुरा त्यांनीच सांगितलं, आणि कुठल्या बाजूने न्यायची तेही.

रिक्षात ताई मध्ये बसली होती. तिने फोन काढला. पडद्यावर दोन तिकिटं, शेजारशेजारच्या खुर्च्या. 

"आई," ती म्हणाली, "एक रद्द करते."

सासूबाई बाहेर बघत होत्या. एकदा फोनकडे नजर टाकली.

"तुला खिडकीचं ठेव," म्हणाल्या.